बाबांच्या रक्तात निघालेला जंतू रुग्णालयातला की आमच्या मळ्यातला?

लांज्याचा लेक (प्रश्न)

नमस्कार. माझ्या वडिलांचे वय ६३ असून गेली चौदा वर्षे त्यांना मधुमेह आहे. लांजा तालुक्यात आमची थोडी भातशेती आहे. शुगर कितीही वाढलेली असली आणि घरातले कितीही ओरडले तरी लावणीचे आठ-दहा दिवस बाबा अनवाणी, गुडघाभर चिखलात असतात. यंदा त्यांच्या टाचेला भेग पडली होती, पण तिच्याकडे कोणी फारसे लक्ष दिले नाही.

लावणी आटोपल्यानंतर आठवड्याभराने त्यांना हुडहुडी भरून ताप आला. पावसाळ्यातला ताप म्हणजे आधी लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिसचा) संशय, हे आपल्याकडे ठरलेलेच आहे, त्यामुळे गावातील डॉक्टरांनी डॉक्सीसायक्लिन दिले. ताप उतरला नाही. मग विडालची तपासणी झाली आणि टायफॉइड समजून पाच दिवस सेफ्ट्रायॅक्सोनची इंजेक्शने दिली गेली. तेवढ्यात खोकला सुरू झाला, एक्स-रेमध्ये उजव्या फुप्फुसात डाग दिसला आणि क्षयरोगाची चर्चा सुरू झाली. शेवटी आम्ही त्यांना मोठ्या खाजगी रुग्णालयात हलवले, आणि दाखल होतानाच तेथे ब्लड कल्चर (रक्तातला जंतू वाढवून ओळखण्याची तपासणी) घेतले गेले.

खरा गोंधळ या कल्चरच्या रिपोर्टमुळे झाला आहे. दुसऱ्या दिवशी फोनवर सांगितले की स्यूडोमोनाससारखे काहीतरी वाढते आहे, कदाचित नमुना घेताना दूषित झाला असेल. चौथ्या दिवशीच्या छापील रिपोर्टमध्ये ‘बर्खोल्डेरिया सेपेशिया’ असे नाव आले. डॉक्टरांचे समाधान न झाल्याने त्यांनी वाढलेला जंतू एका वैद्यकीय महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत पाठवला आणि तेथून ‘बर्खोल्डेरिया स्यूडोमॅलिआय’ असे उत्तर आले. आजाराचे नाव मेलिऑइडोसिस असल्याचे आम्हाला सांगण्यात आले. सीटी स्कॅनमध्ये यकृतात आणि प्लीहेत पुवाचे लहान लहान गळू दिसले आहेत. मेरोपेनेम या प्रतिजैविकाची इंजेक्शने सुरू होऊन आज सहावा दिवस आहे, तरी संध्याकाळी ताप येतोच.

काका आणि आत्या यांचे ठाम म्हणणे आहे की हा जंतू रुग्णालयातच लागला, आणि तीनदा नाव बदलणाऱ्या प्रयोगशाळेवर विश्वास ठेवू नये. जाणकारांना माझे प्रश्न असे आहेत. हा रिपोर्ट खरा मानावा का? ताप अजून उतरला नाही याचा अर्थ औषध लागू पडत नाही असा घ्यावा का? इंजेक्शनांनंतर तीन महिने गोळ्या घ्याव्या लागतील असे डॉक्टर म्हणतात, ते खरोखर आवश्यक आहे का? घरात माझी चार वर्षांची मुलगी आजोबांच्या अंगाखांद्यावर खेळते, तिला धोका आहे का?

सूक्ष्मदर्शी (उत्तर)

मी सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ आहे आणि किनारपट्टीवरील प्रयोगशाळांत बरीच वर्षे काम केले आहे. आपल्या वडिलांना तपासणाऱ्या डॉक्टरांची जागा मी घेऊ शकत नाही, परंतु रिपोर्टविषयी निश्चित सांगू शकतो, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

नाव तीनदा बदलले हे प्रयोगशाळेच्या निष्काळजीपणाचे लक्षण असेलच असे नाही. या जंतूच्या बाबतीत तो जवळजवळ नेहमीचा क्रम आहे. कल्चरची बाटली यंत्राने सकारात्मक दाखवली की त्यातील थेंब काचपट्टीवर रंगवून पाहतात, तेव्हा फक्त ग्रॅम-निगेटिव्ह दंडाकृती जंतू दिसतात. रंग दोन्ही टोकांना गडद आणि मध्ये फिका बसला तर सेफ्टी पिनसारखा आकार दिसतो आणि अनुभवी माणसाच्या मनात शंकेची पाल चुकचुकते, पण तो आकार दरवेळी दिसत नाही. दुसऱ्या दिवशी बशीत वाढलेली जंतूंची वसाहत गुळगुळीत असते. तिचे सुरकुतलेले, कोरडे रूप यायला तीन-चार दिवस लागतात आणि तोवर घाईची प्रयोगशाळा ‘स्यूडोमोनास’ लिहून मोकळी झालेली असते. ओळख पटवणारी स्वयंचलित यंत्रेही याला त्याचा भाऊबंद सेपेशिया समजून बसतात. सेपेशिया हा प्रामुख्याने रुग्णालयातील पाणी आणि द्रावणे यांत आढळणारा जंतू असल्यामुळे ते नाव वाचून आपल्या काकांना संशय आला असेल, तर त्यात त्यांची चूक नाही.

घरच्या घरी करता येण्यासारखी एक पडताळणी सांगतो. रिपोर्टच्या खालच्या भागात कोणत्या औषधाला जंतू दाद देतो आणि कोणत्या नाही याची यादी असते. जंतू ऑक्सिडेज-पॉझिटिव्ह (ऑक्सिडेज ही जंतू ओळखण्याची एक रासायनिक चाचणी) असून जेंटामायसिन आणि कोलिस्टिन यांना दाद देत नसेल, पण अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनिक आम्लाला देत असेल, तर ही जुळणी स्यूडोमॅलिआयची म्हणून ओळखली जाते. ही यादी आपल्या डॉक्टरांना दाखवा. याशिवाय कल्चरच्या किती बाटल्या घेतल्या होत्या आणि त्यांपैकी कितींमध्ये वाढ झाली, हे अवश्य विचारा. दोन वेगवेगळ्या जागी सुई टोचून घेतलेल्या नमुन्यांत एकच जंतू वाढला, तर तो त्वचेवरून किंवा हवेतून आला असण्याची शक्यता फारच कमी उरते. एकच बाटली घेतली की हा आधार हातचा जातो. खर्च वाचवण्यासाठी आपल्याकडे सर्रास एकच घेतात, आणि तीही आधी चार-पाच दिवस प्रतिजैविके देऊन झाल्यावर, याची मला चीड आहे. प्रौढाच्या एका बाटलीत आठ ते दहा मिलिलिटर रक्त जायला हवे, कारण एक मिलिलिटर रक्तात कित्येकदा एखादाच जंतू असतो. स्यूडोमॅलिआयसाठी मात्र नियम आणखी सोपा आहे: तो माणसाच्या शरीरात वस्तीला राहणारा जंतू नसल्यामुळे एका बाटलीत, थुंकीत किंवा पुवात कुठेही निघाला तरी दूषित नमुना म्हणून सोडून देत नाहीत.

आता तो आला कुठून, याविषयी. हा जंतू ओल्या मातीत आणि साचलेल्या पाण्यात राहतो. पावसाळ्यात जमिनीच्या खालच्या थरांतून वर येतो आणि भेगाळलेल्या त्वचेतून, पाण्यातून किंवा वादळी पावसात उडणाऱ्या तुषारांबरोबर श्वासातून शरीरात शिरतो. शिरकाव झाल्यापासून आजार दिसेपर्यंत साधारण एक ते एकवीस दिवस जातात. लावणी, टाचेची भेग आणि आठवड्याभराने आलेला ताप हा आपला क्रम त्यात चपखल बसतो. शिवाय रुग्णालयात पाऊल ठेवण्यापूर्वीच वडिलांना ताप होता आणि कल्चर दाखल होतानाच घेतले होते. काकांना एवढे सांगितले तरी पुरेसे व्हावे.

दुर्मीळ म्हणून डॉक्टरही याला परदेशी पाहुणा समजतात, तो समज मला पटत नाही. १९११ साली रंगूनमध्ये आल्फ्रेड व्हिटमोर आणि सी. एस. कृष्णस्वामी यांनी हा जंतू प्रथम ओळखला. (पुढे आजाराला व्हिटमोरचे नाव चिकटले आणि कृष्णस्वामी मागे पडले. योगायोग असा की त्या वर्षी ब्रह्मदेशाचा पदच्युत राजा थिबा आपल्या रत्नागिरीतच नजरकैदेत होता.) भारतातील पहिला रुग्ण १९९१ मध्ये मुंबईतून नोंदवला गेला. कर्नाटकातील उडुपी-मणिपालच्या किनारपट्टीवर आता दर पावसाळ्यात हे रुग्ण ओळखले जातात, कारण तेथे ते शोधले जातात. तोच पाऊस, तीच जांभ्याची माती आणि तीच भातशेती उत्तरेकडे आपल्यापर्यंत येते, तेव्हा जंतू मध्येच थांबतो असे मानायला मला तरी काही आधार दिसत नाही. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक अंदाजानुसार दरवर्षी सुमारे १,६५,००० माणसांना हा आजार होतो, ८९,००० दगावतात आणि एकूण भारापैकी ४४ टक्के दक्षिण आशियात आहे.

मुलीविषयी निश्चिंत राहा. माणसाकडून माणसाला हा आजार लागल्याची उदाहरणे जगभरात मोजकीच आहेत, आजोबांच्या मांडीवर बसल्याने तो लागत नाही. खरा धोका आमच्यासारख्यांना, उघड्या टेबलावर जंतू वाढवलेली बशी हाताळणाऱ्यांना असतो. या जंतूला ओल्या मातीसारखा वास येतो असे जुनी पुस्तके सांगतात आणि नवी पुस्तके तो घेऊ नका म्हणून बजावतात.

वॉर्ड राउंड (उत्तर)

मी फिजिशियन आहे. उपचारांविषयीच्या दोन प्रश्नांना उत्तर देतो.

सहाव्या दिवशी ताप असणे हे या आजारात अपयश मानत नाहीत. योग्य औषध सुरू असतानाही ताप पूर्ण उतरायला सरासरी नऊ दिवस लागतात, आणि आत गळू असतील तर त्याहूनही अधिक. रक्तदाब टिकून आहे का, भूक परतते आहे का, धाप कमी होते आहे का आणि पुन्हा घेतलेल्या ब्लड कल्चरमध्ये वाढ थांबली आहे का, या गोष्टी तापाच्या आकड्यापेक्षा अधिक सांगतात. प्लीहेतील लहान गळू सहसा औषधाने विरतात. पुरुषांमध्ये प्रोस्टेट ग्रंथीत गळू लपून राहण्याची या जंतूची खोड आहे, आणि तेथील मोठा गळू बहुधा सुईने काढावा लागतो. सीटी स्कॅन ओटीपोटापर्यंत झाला आहे की नाही, हे विचारून घ्या.

आधीची पाच दिवसांची सेफ्ट्रायॅक्सोनची इंजेक्शने वाया का गेली, हाही प्रश्न आपल्या मनात असेल. ते औषध या जंतूवर प्रयोगशाळेत थोडेफार चालताना दिसले तरी रुग्णामध्ये अपुरे पडते. सेफ्टाझिडिम किंवा मेरोपेनेम लागते, आणि तेही किमान दोन आठवडे. यकृत-प्लीहेत गळू असल्यास बहुधा चार आठवडे.

तीन महिन्यांच्या गोळ्यांबाबत मात्र कोणतीही तडजोड करू नका. हा जंतू पेशींच्या आत दडून राहतो. इंजेक्शनांनी रक्त स्वच्छ होते, माणूस चालू-फिरू लागतो, घरचे म्हणतात आता कशाला एवढ्या गोळ्या, आणि काही महिन्यांनी तोच ताप परत येतो. आजार उलटण्याचे सर्वांत मोठे कारण गोळ्या मध्येच सोडणे हेच आहे. गोळी बहुधा को-ट्रायमॉक्साझोल ही जुनी, स्वस्त सल्फाची गोळी असेल, पण मात्रा नेहमीपेक्षा मोठी असते. तिने रक्तातील पोटॅशियम वाढू शकते, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम दाखवणारा रक्तातील घटक) वाढू शकते, अंगावर पुरळ येऊ शकते. आपले वडील रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन किंवा रॅमिप्रिल घेत असतील तर पोटॅशियमची भीती दुप्पट समजा. मधुमेहासाठी ग्लिमेपिराइड असेल तर शुगर अचानक खाली जाऊ शकते. म्हणून सुरुवातीला दर आठवड्याला रक्त तपासावे, आणि पुरळ आल्यास गोळी आपल्या मनाने बंद न करता त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

या आजाराच्या रुग्णांपैकी निम्म्याहून अधिकांना मधुमेह असतो. त्याच मळ्यात त्याच दिवशी आपल्या शेजारचे दहा जण उभे असतील आणि त्यांना काही झाले नसेल. फरक चिखलात नव्हता. साखरेने मंदावलेल्या पांढऱ्या पेशी हा जंतू गिळतात, पण त्याला मारू शकत नाहीत.

तिसरी पाळी (उत्तर)

मी डायलिसिस तंत्रज्ञ आहे. वरील दोघांचे म्हणणे या रुग्णाबाबत पटते, परंतु काकांचा संशय सरसकट हसण्यावारी नेऊ नये, असे मला वाटते.

मूत्रपिंड निकामी झालेल्या रुग्णाच्या मानेत पर्मकॅथ असते, म्हणजे रक्तप्रवाहात उघडणारी एक नळी महिनोन्‌महिने बसवलेली असते. अशा रुग्णांच्या कल्चरमध्ये सेपेशिया, स्टेनोट्रोफोमोनास, राल्स्टोनिया अशी नावे निघतात. निरोगी माणसाला सहसा न बाधणारे हे पाण्यातले जंतू आहेत. आरओ यंत्रापासून मशीनपर्यंतच्या नळांत ते चिकट थर करून राहतात. डायलिसिसच्या पाण्यात एका मिलिलिटरमध्ये १०० पेक्षा कमी जिवाणू असावेत आणि ५० झाले की कारवाई सुरू करावी, असा दंडक आहे. सेपेशिया तर जंतुनाशकाच्या बाटलीतही जगतो. पोव्हिडोन आयोडीन आणि क्लोरहेक्सिडिनच्या दूषित बाटल्यांतून तो रुग्णांच्या रक्तात गेल्याची उदाहरणे नोंदलेली आहेत. पूर्वी मी ज्या केंद्रात होतो तेथे एका पंधरवड्यात तीन रुग्णांच्या रक्तात एकच अनोळखी नाव आले, तेव्हा आम्ही प्रत्येकाला वेगळी इंजेक्शने देत बसलो होतो. तिघांमध्ये समान काय, हे चौथ्या रुग्णानंतर कोणीतरी विचारले आणि एका मोठ्या बाटलीतून लहान बाटल्यांत ओतून ठेवलेले द्रावण सापडले.

म्हणून ज्यांच्या घरी डायलिसिसचा रुग्ण आहे त्यांच्यासाठी: मशीनवर घेतल्यानंतर अर्ध्या-एक तासात दरवेळी थंडी वाजून येत असेल, तर ‘एसी जास्त आहे’ यावर समाधान मानू नका. नळीतून आणि हातातून एकाच वेळी कल्चर घ्यायला सांगा. नळीतली बाटली हातातल्या बाटलीपेक्षा दोन तास किंवा त्याहून आधी सकारात्मक आली, तर दोष नळीत आहे असे समजतात. स्टेनोट्रोफोमोनास मेरोपेनेमला जन्मतःच दाद देत नाही, तेव्हा ‘सर्वांत भारी इंजेक्शन चालू आहे’ हा दिलासाही तेथे कामाचा नाही. आणि शक्य असेल त्याने हातातला फिस्टुला (डायलिसिससाठी धमनी आणि शीर यांची केलेली जोडणी) लवकर करून घ्यावा.

देवबागची परिचारिका (उत्तर)

विषय मातीचा आणि नळाच्या पाण्याचा निघालाच आहे, तर समुद्राचेही सांगते. आमच्याकडे किनाऱ्यावर शिंगाळा माशाचा काटा लागणे, कालवे फोडताना हात कापणे हे रोजचेच आहे आणि हळद दाबून लोक कामाला लागतात. बहुतेकांना काही होत नाही. पण ज्याचे यकृत दारूने किंवा काविळीने खराब झाले आहे, त्याच्यासाठी उबदार खाऱ्या पाण्यातील व्हिब्रिओ व्हल्निफिकस नावाचा जंतू जीवघेणा ठरतो. खराब यकृतामुळे रक्तात मोकळे लोह वाढते आणि हा जंतू लोहावरच पोसतो.

मी पाहिलेला रुग्ण पन्नाशीतला मच्छीमार होता. संध्याकाळी पायाला काटा लागला, पहाटे पाय गुडघ्यापर्यंत सुजला आणि दुपारी रुग्णालयात पोहोचेपर्यंत नडगीवर काळेनिळे, रक्ताने भरलेले फोड आले होते. जखमेच्या मानाने वेदना कितीतरी अधिक होती. शस्त्रक्रिया झाली, औषधे मिळाली, पण तिसऱ्या दिवशी तो गेला आणि कल्चरचा रिपोर्ट त्यानंतर आला. रक्तात पसरल्यावर या जंतूने निम्मे रुग्ण दगावतात, आणि तेही एक-दोन दिवसांत, त्यामुळे येथे रिपोर्टची वाट पाहून चालत नाही. काटा समुद्रात लागला आहे आणि रुग्णाचे यकृत खराब आहे, ही दोन वाक्ये केसपेपरवर पहिल्याच ओळीत यायला हवीत. रुग्णाच्या नातेवाइकांनी दारूची गोष्ट लाजेने दुसऱ्या दिवशी सांगितली, असे मी एकदा नव्हे, अनेकदा पाहिले आहे.

तिसऱ्या (शिंपले) किंवा कालवे खाण्याची भीती बाळगायचे कारण नाही, आपण ती नीट शिजवूनच खातो आणि शिजवल्यावर हा जंतू मरतो. यकृताच्या रुग्णाने कच्ची, अर्धकच्ची मात्र खाऊ नयेत आणि उघड्या जखमेने खाडीत उतरू नये.

लांज्याचा लेक

सर्वांचे मनःपूर्वक आभार. रिपोर्टची यादी काढून पाहिली. जेंटामायसिन आणि कोलिस्टिन दोन्हींसमोर दाद न देण्याची खूण आहे. बाटल्या दोन घेतल्या होत्या आणि दोन्हींत वाढ होती, हेही आज डॉक्टरांकडून कळले. काकांनी ‘मग आधीच्या डॉक्टरला मळ्यातले का नाही सांगितले’ असे मलाच विचारले. खरे म्हणजे आम्हाला कोणी विचारले नव्हते आणि आम्हालाही सुचले नव्हते. ओटीपोटाचा सीटी उद्या आहे.

बाबा टेल्मिसार्टन आणि ग्लिमेपिराइड दोन्ही घेतात, ते डॉक्टरांच्या लक्षात आणून दिले आहे. एक शेवटचा प्रश्न आहे. पुढच्या वर्षी शेत करू द्यावे का? आणि आमची विहीर मळ्याला लागून आहे, ते पाणी आम्ही नुसते गाळून पितो.

सूक्ष्मदर्शी

गोळ्यांचा कोर्स पूर्ण होईपर्यंत ओल्या मातीत अजिबात नको, परसातले अळूही दुसऱ्या कोणी काढावे. एकदा झाला म्हणून हा आजार पुन्हा होत नाही असे नाही. म्हणून पुढच्या आषाढात शुगर आटोक्यात असेल, टाचा भरलेल्या असतील आणि गुडघ्यापर्यंतचे गमबूट व हातमोजे घालण्याची तयारी असेल, तरच त्यांना मळ्यात जाऊ द्या, आणि मुसळधार पाऊस वाऱ्यासह कोसळत असेल तेव्हा बूट असले तरी नको. गमबूट घालून रोप नीट बसत नाही अशी तक्रार ते करतील. तसे असेल तर बांधावर उभे राहून देखरेख करावी.

विहिरीत ग्रामपंचायतीकडून ठरल्याप्रमाणे टीसीएल (ब्लीचिंग पावडर) पडते का ते पाहा आणि पिण्याचे पाणी उकळूनच घ्या. गाळल्याने हा जंतू जात नाही. उद्या सीटीला नेण्यापूर्वी आणखी एक ब्लड कल्चर घेतले जाणार आहे का, तेवढे विचारा. शेवटचे सकारात्मक कल्चर ज्या तारखेचे, तिथपासून इंजेक्शनांचे दिवस मोजायचे असतात.